हेल्वीची त्रेचाळीस काडतुसं

मेलेल्या माणसाने भरलेलं काडतूस उडवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण रविवारी चर्चला न जाणारेही तो पाळतात. घरच्या टेबलावर काडतुसं भरणारा माणूस गेला की मागे राहिलेल्याने त्याच्या पेट्या खाली काढायच्या, एकेक काडतूस उघडायचं, आतली दारू परसातल्या गवतावर उधळायची आणि शिशाच्या गोळ्या पुन्हा वितळवायच्या. काडतुसाच्या पोटात काय आहे ते फक्त भरणाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याला आता विचारता येत नाही.

हा नियम मी स्वतः सतरा वर्षं लोकांना शिकवला. दर मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये माझा वर्ग असायचा. मी ऑर्वो निएमी, लोखंडाच्या खाणीतला निवृत्त फिटर, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. मागच्या बाकावर माझी बायको हेल्वी विणकाम घेऊन बसायची. माझा एखादा मुद्दा सुटला की ती सुई वर करायची, आणि लोक माझ्याआधी तिच्याकडे बघायचे.

हेल्वी फेब्रुवारीत गेली. दुपारी बटाटे सोलता सोलता हृदय बंद पडलं. जमीन गोठलेली, त्यामुळे मे महिन्यापर्यंत तिला दफनभूमीच्या कोठीत ठेवावं लागलं. मिशिगनच्या या वरच्या टोकाला हिवाळ्यात मेलेल्यांना थांबावंच लागतं, त्यात विशेष काही नाही. पण ते तीन महिने मी रोज गाडी घेऊन त्या कोठीच्या दारापर्यंत जायचो, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं बसायचो आणि परत यायचो. खाली मात्र कधी उतरलो नाही.

मे गेला, उन्हाळाही गेला. तिच्या काडतुसांच्या पेटीला मी हात लावला नाही. सप्टेंबरात एका सकाळी वॉली हाकला दारात येऊन उभा राहिला. वॉलीचं टायरचं दुकान होतं. चाकं समतोल करायला लावतात ती शिशाची वजनं जुनी झाली की बादल्या भरभरून तो आम्हाला द्यायचा, आणि आमच्या सगळ्या गोळ्या त्यातूनच ओतल्या जायच्या. चाळीस वर्षांची दोस्ती. हेल्वी गेल्यापासून मात्र त्याने दार वाजवलं तरी मी आत गप्प बसायचो.

"घरात आहेस की तुलाही कोठीत ठेवलाय?" त्याने जाळीच्या दारातून विचारलं.

"आहे. काय हवंय?"

"कॉफी. पण तुझ्या हातची नको, म्हणून घेऊन आलोय." त्याने थर्मास टेबलावर ठेवला आणि न सांगता बसला. "पुढच्या रविवारी खडीच्या खाणीवर सगळे जमतोय. हेल्वीसाठी. प्रत्येकानं निशाण्याच्या थाळीवर एकेक गोळी मारायची, बस्स. भाषण नाही, रडारड नाही."

"मारा की मग."

"तिचं शिसं हवंय, ऑर्वो. तिच्या उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या. तू फोडून दे, मी वितळवून नव्या ओततो."

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"सात महिने झाले," वॉली म्हणाला. "नियम तूच घसा कोरडा करून शिकवलास लोकांना. आता तुझ्यावर आली तर मांजर आडवं गेलं होय?"

"फोडतो म्हटलं ना."

"फोड. आणि फोडताना डोळे उघडे ठेव."

हे शेवटचं तो जाता जाता म्हणाला, माझ्याकडे न बघता. मला ते टोचलं. काडतूस कसं फोडायचं ते मला शिकवतोय, हा टायरवाला!

मी पेटीला हात का लावत नव्हतो ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात हार्डवेअरच्या दुकानात जुन्या रशियन लष्करी रायफली अक्षरशः पिंपात उभ्या करून विकायचे, फावड्यांच्या शेजारी. मी एक घेतली. फिनलंडहून आलेल्या माझ्या बापाने आयुष्यभर रशियनांना शिव्या दिल्या, आणि पोराने घरात त्यांचीच बंदूक आणली. हेल्वी म्हणाली, "बरं झालं, तुझे वडील हे बघायला नाहीत." मग खडीच्या खाणीवर तिने पहिली गोळी झाडली. ते लष्करी काडतूस म्हणजे घोड्याची लाथ. खांद्यावर आठवडाभर जांभळा डाग राहिला. "ही बंदूक सैन्याला लखलाभ," ती म्हणाली, "मला डबा पाडायचाय, मॉस्को नाही."

म्हणून मी हलकी काडतुसं भरायला शिकलो. लष्करी गोळीऐवजी घरी ओतलेली शिशाची गोळी, आणि दारू अगदी थोडी, तारेला डाखलेल्या एका इवल्या मापाने घालायची. स्फोटाऐवजी नुसता 'पट्' असा आवाज येतो, खांद्याला कोणी हलकेच ढोसल्यासारखं वाटतं, आणि पन्नास पावलांवर टांगलेली, ट्रॅक्टरच्या तव्यांच्या कुळवाची लोखंडी थाळी 'टण्ण' वाजते. खर्च म्हणाल तर जवळजवळ काही नाही. हेल्वीला ते इतकं आवडलं की दोन वर्षांत ती माझ्याहून चांगली भरायला लागली. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. तिची खुर्ची खिडकीकडे.

या हलक्या काडतुसांत एकच धोका असतो, पण मोठा. काडतुसाची पितळी पुंगळी लष्करी मापाची, लांबलचक, आणि दारू तळाला एवढीशी. चुकून दोनदा पडली तरी वरून कळत नाही. नेहमीचं काडतूस दुप्पट भरायला गेलात तर दारू सांडते आणि तुम्ही सावध होता. हे मात्र मुकाट दोन्ही मापं गिळतं. म्हणून दारूचा डबा उघडा असताना बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, आणि सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की टॉर्च घेऊन एकेकीत डोकावायचं. हेही मीच शिकवायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. खडीच्या खाणीवर आम्ही दहाबारा जण होतो. फळीच्या टेबलावर माझी पेटी आणि हेल्वीची पेटी, दोन्ही त्याच आठवड्यात भरलेल्या, शेजारी शेजारी उघड्या होत्या. मी पाच काडतुसं घेतली. दोनदा 'पट्' झालं. तिसऱ्यांदा जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. गालावर काजळी, लाकडी दस्ता उभा चिरलेला, काडतुसामागचा बोल्ट असा घट्ट बसलेला की तो हातोड्याने उघडावा लागला. आतून पुंगळी निघाली ती बुडाशी फाटलेली. दुप्पट माप. कोणी सांगायची गरज नव्हती.

"कोणाच्या पेटीतलं?" वॉलीने विचारलं.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हेल्वीच्या."

मला खात्री होती. का होती ते सांगतो. त्या वर्षी तिचं विसरणं चाललं होतं. पावात मीठ नाही, रिकाम्या किटलीखाली गॅस चालू, शेजारणीच्या नातीचं नाव तिसऱ्यांदा विचारणं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आणखी काही नाही. पण मला वाटलं, डॉक्टर काय, त्यांना थोडंच तिच्याबरोबर राहायचंय. तिची पेटी माझ्या हाताशी होती, आणि माझ्या हातून असं होणं शक्यच नव्हतं. झालं, हिशेब जुळला.

"हेल्वी विसरायला लागलीय," मी सगळ्यांना म्हणालो. ती तिथेच उभी होती, कॉफीचा कप हातात धरून. ती म्हणाली, "असेल." एवढंच.

वॉली म्हणाला होता, दोन्ही पेट्या फोडून बघ. मी म्हटलं, बघायचंय काय त्यात? दोन्ही पेट्या लोखंडी डब्यात घालून वर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. फाटकी पुंगळी पुरावा म्हणून स्वयंपाकघरात कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. मग खोलीला कुलूप लावलं, आणि किल्ली माझ्या गळ्यात. तिच्याच भल्यासाठी, असं मी तिला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने आपला एप्रन काढून खिळ्याला लावला आणि परत कधी त्या खोलीत आली नाही.

त्यानंतर तिच्या विसरण्याच्या खुणा मला रोज सापडू लागल्या. दर गुरुवारी दुपारी मी दारू भरायला बसतो. काम आटपून स्वयंपाकघरात यावं तर फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला, आणि हेल्वी भिंतीपाशी खुर्ची ओढून गप्प बसलेली. ना विणकाम, ना रेडिओ. "अगं, फोन!" मी ओरडायचो. "हो की," म्हणून ती रिसीव्हर जागेवर ठेवायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. एकदा मी चिडून म्हणालो, "उद्या स्वतःलाही कुठेतरी ठेवून विसरशील." ती हसली. दीड वर्षं हे असंच चाललं, आणि मग ती गेली.

वॉली येऊन गेला त्याच दुपारी मी लोखंडी डबा खाली काढला. हेल्वीच्या पेटीत त्रेचाळीस काडतुसं होती. झाकणावर तिच्या तिरक्या अक्षरात तारीख आणि दारूचं माप. काडतूस फोडायचा आमचा हातोडा पोकळ असतो. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, दोनतीन ठोक्यांत गोळी सुटून आत पडते. रिकाम्या घरात तो आवाज फार मोठा वाटतो. पूर्वी मी ठोकायचो आणि ती मोजायची. आता ठोकायचं मीच आणि मोजायचंही मीच.

दारू तराजूत घातली. बरोबर. दुसरं, बरोबर. तिसरं, बरोबर.

दहाव्या काडतुसापर्यंत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक पुंगळीच्या बुडावर, कडेला, मोहरीएवढा लाल ठिपका होता. मी चष्मा पुसून पाहिलं. ते नखांना लावायचं पॉलिश होतं. हेल्वीकडे एकच बाटली होती, भाचीच्या लग्नात घेतलेली. नखांना लावलेली मी त्या लग्नानंतर पाहिली नव्हती. बाटली कुठे जाते याचा विचार मी कशाला करतो? टेबलाच्या तिच्या बाजूचा खण उघडला. त्यात टॉर्च होता, आणि टॉर्चला रबरबँडने बांधलेली ती बाटली. आत डोकावून पाहायचं, खात्री पटली की ठिपका लावायचा. अशी पद्धत तिने स्वतःपुरती पाडली होती, मला काही न सांगता. वर्गात ही युक्ती सांगितली असती तर माझं नाव झालं असतं.

खरं सांगतो, फोडता फोडता मला त्यात एक तरी चुकलेलं हवं होतं. एक, फक्त एक. म्हणजे मी जे केलं ते योग्य ठरलं असतं, आणि मी हातोडा ठेवून कॉफी प्यायलो असतो. तीस झाली, पस्तीस झाली. प्रत्येक वेळी तराजूचा काटा मध्ये येऊन थांबायचा. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बरोबर निघाली. इतकी सारखी मापं माझ्या हातून आयुष्यात पडली नाहीत.

मी स्वतःला समजावलं. चुकलेलं एकच असेल, आणि ते नेमकं माझ्या हाती लागलं असेल. होऊ शकतं. मग कॉफीच्या डब्यातून ती फाटकी पुंगळी काढली. बुडाची कड खिडकीच्या उजेडात धरून फिरवली. ठिपका नव्हता. जळला असेल, मी म्हणालो, मोठ्याने. घरात दुसरं कोणी नसलं की माणूस स्वतःशी वाद घालतो आणि स्वतःच जिंकतो.

आता माझी पेटी उरली. ती फोडायचं कारण नव्हतं, मी अजून जिवंत आहे. ओढून घेतली, पुन्हा सरकवली. खुर्चीवरून उठून बाहेर गेलो, हेल्वीची दारू गवतावर उधळून आलो. परत येऊन बसलो.

माझ्या पेटीत बत्तीस होती. मापं बरी होती, हेल्वीसारखी नाहीत. विसावं काडतूस हातोड्यात घातलं, ठोकलं, गोळी पडली. पुंगळी तराजूवर उपडी केली. काहीच आलं नाही. टिचकी मारली. टॉर्च घेऊन डोकावलो. आत पितळ चकचकत होतं. दारूचा एक कण नाही.

ज्याने हे काम केलंय त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या असतात, आणि माप हातात घेऊन आपण एकेकीत दारू सोडत जातो. जी रिकामी राहिली तिची दारू कुठे गेली? तिच्या शेजारणीत. हात एक घर चुकला, आणि एका पुंगळीत दोन मापं पडली. दुप्पट माप ज्याच्या रायफलीत फुटलं, ते त्यानेच भरलेलं होतं.

मग मला तो गुरुवारही आठवला. दारूचा डबा उघडा होता, माप माझ्या हातात होतं, आणि स्वयंपाकघरातून जळल्याचा वास आला. मी जागेवरूनच ओरडत होतो. "अगं किटली! पुन्हा किटली! डोकं कुठे असतं तुझं?" तोंड दाराकडे, हात ठोकळ्यावर. तिच्या विसरण्यावर ओरडता ओरडता मी माझा स्वतःचा पहिला नियम मोडला होता. टॉर्च घेऊन डोकावलोही नव्हतो, कारण मी सतरा वर्षं शिकवत होतो, मला काय गरज.

समोर तिची खुर्ची होती. मी तिला "हेल्वी" म्हणून हाक मारली. आणि मी रडलो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, हातात रिकामी पुंगळी घेऊन.

रविवारी खडीच्या खाणीवर अकरा जण आले होते. कोणीतरी वेलदोड्याचा गोड पाव आणला होता, हेल्वी करायची तसा, पण मऊ नव्हता. वॉलीने तिच्या शिशातून गोळ्या ओतून काडतुसं भरली होती. पहिलं काडतूस त्याने माझ्या हातात दिलं.

"थांबा," मी म्हणालो. "आधी एक सांगायचंय."

"भाषण नाही, असं ठरलंय," वॉली म्हणाला.

"भाषण नाही. दोन वर्षांपूर्वी इथे जे काडतूस फुटलं ते माझं होतं. हेल्वीचं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं ती विसरायला लागलीय. काडतुसांच्या बाबतीत ती काही विसरली नव्हती. चूक माझी होती, आणि मी तिच्या तोंडावर, तुमच्यासमोर, ती तिच्या माथी मारली."

एकाने टोपी काढली, पुन्हा घातली. वारा होता, थाळी साखळीवर हलत होती. मी रायफल उचलली, नेम धरला आणि चुकलो. वाळूत धूळ उडाली. एरवी सगळे हसले असते.

बाकीच्यांची टण्ण टण्ण चालू असताना वॉली माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघेही थाळीकडे बघत होतो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात. ती फाटकी पुंगळी घेऊन दुकानात आली होती. म्हणाली, वॉली, याला माझा ठिपका नाही. मला म्हणाली, जळला असेल का बघ. त्या दिवशी तिनं उडवलेल्या दोन चांगल्या पुंगळ्या मी बुडाशी गॅसच्या ज्योतीवर धरल्या. ठिपके काळे पडले, पण गेले नाहीत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? दोन वर्षं?"

"तिनं शपथ घातली होती." वॉली बुटाने खडी उकरू लागला. "मी म्हटलं, अगं, सांग त्याला, काय बिघडतं? तर म्हणाली, सांगितलं तर तो टेबल बंद करील. खाणीतली नोकरी गेली, वर्ग जाईल, टेबलही जाईल, मग हिवाळाभर माझ्या मागे मागे फिरेल आणि भांडी कशी लावायची ते शिकवेल. माझं काय, मला विसराळू म्हणाले तर म्हणाले."

मला हसू आलं, कारण तो अगदी तिचा आवाज होता.

"ती गेल्यावर तरी सांगायचंस," मी म्हणालो.

"दार कुठे उघडत होतास, लेका? सात महिने मी तुझी जाळी बघतोय. म्हणून तर गोळ्यांचं निमित्त काढलं. तिची पेटी फोडलीस की स्वतःची फोडल्याशिवाय तू राहणार नाहीस, एवढं तुला ओळखतो." त्याने थर्मासमधली कॉफी ओतून मला दिली. "पण तुझी तिला काळजी लागून राहिली होती हं. पुन्हा दुप्पट पडली तर काय, म्हणून. मला बजावून ठेवलं होतं, गुरुवारी एक ते तीन फोन करू नकोस, तो दारू भरत असतो. आणि केलास तरी लागणार नाही, म्हणाली, मी रिसीव्हर काढूनच ठेवते."

मी कप खाली ठेवला. खडीवर तो कलंडला, कॉफी सांडली, आणि मी बघत राहिलो.

दीड वर्ष. दर गुरुवारी. रेडिओ बंद, फोन काढून ठेवलेला, सुयांचासुद्धा आवाज नको म्हणून विणकाम बाजूला, आणि भिंतीपलीकडे माझी मापं संपेपर्यंत ती श्वास धरून बसलेली. मी बाहेर येऊन ओरडायचो. ती म्हणायची, "हो की."

मी घरी आलो ते खोलीचं कुलूप काढलं. किल्ली गळ्यातून काढून कुलपासकट कचऱ्यात टाकली, आता कोणाला अडवायचंय? तिचा एप्रन खिळ्यावरच होता. स्वयंपाकघरात भिंतीपाशी, जिथे ती खुर्ची ओढून बसायची तिथे, फरशीच्या लिनोलियमवर खुर्चीच्या पायांचे चार खोलगट डाग पडले आहेत. सात महिने मी त्यांच्यावरून चालत होतो.

गुरुवारी दुपारी एक वाजता मी टेबलावर बसलो. ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या लावल्या. तिच्या खणातला टॉर्च शेजारी ठेवला. पॉलिशची बाटली उघडली तर आतलं सुकून गेलेलं, ब्रश बाटलीलाच चिकटला होता, म्हणून ठिपक्यांसाठी पेन्सिल घेतली. दारूचा डबा उघडायला हात घातला आणि थांबलो. उठून स्वयंपाकघरात गेलो आणि फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. वॉली गुरुवारी फोन करत नाही, आणि दुसरं कोणी मला करतच नाही. रिसीव्हर थोडा वेळ पिंपिं करत राहिला, मग गप्प झाला. तिची तिथली खुर्ची भिंतीपाशी ओढून त्या चार डागांवर नीट बसवली, आत आलो, आणि एक शब्द न बोलता भरायला सुरुवात केली.